बुडख्यात राहणारे लाकूड

झाड तोडले की त्याचा सर्वांत जाड भाग बहुधा जागेवरच राहतो. हातभर खुंट जमिनीच्या वर, आणि त्याच्या कितीतरी पट पसारा जमिनीखाली. मराठवाड्यात याला बुडखा म्हणतात, वनखात्याच्या पंचनाम्यात त्याचे थूट होते. लाकडाच्या व्यवहारात ओंडक्याचा घेर मोजतात, लांबी मोजतात, फांद्यांचे जळण काट्यावर तोलतात. बुडखा मात्र सहसा कोणाच्या वहीत चढत नाही. परभणी जिल्ह्यात जंगल नावालाच आहे आणि लाकूड बांधावरून, गायरानातून, रस्त्याच्या कडेने येते. अशा ठिकाणी ही गोष्ट अधिकच खटकते.

बुडख्यात वाया जाणाऱ्या लाकडाचे दोन हिशेब आहेत. पहिला जमिनीवरच्या खुंटाचा. हे लाकूड खरे तर पहिल्या ओंडक्याचेच. तोडणाऱ्याने करवत वर लावली म्हणून ते मागे राहिले. दुसरा हिशेब जमिनीखालचा: मधला गड्डा, सोटमूळ, चहूकडे गेलेल्या जाड मुळ्या. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक आकड्यांत उष्ण कटिबंधातल्या कोरड्या जंगलाचा जमिनीखालचा जैवभार वरच्या जैवभाराच्या ०.२८ पट धरला आहे. विरळ, खुरट्या जंगलात तो ०.५६ पट धरतात. यात बारीक मुळ्याही येतात, तेव्हा एवढे सगळे लाकूड हाती लागत नाही हे उघड आहे. तरी बुडख्याचा ऐवज किरकोळ नाही. पहिल्या हिशेबातले नुकसान टाळता येते आणि त्याला खर्च जवळपास काहीच नाही. दुसऱ्याला नुकसान म्हणायचे की नाही, हे झाडाची जात आणि ते उभे असलेली जागा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

खुंटाचा हिशेब सोपा आहे. वखारींत गोल लाकूड मोजण्याची रूढ रीत चौथाई घेराची. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याला चाराने भागायचे, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. या रीतीत खऱ्या घनफळाचा साधारण ७८.५ टक्के भागच हिशेबात येतो. उरलेला चौकट कापताना निघणाऱ्या सालपटांसाठी सोडलेला असतो. आता बुंध्याशी दीड मीटर घेराचे झाड घेऊ. ते १५ सेंटिमीटरवर कापण्याऐवजी ६० सेंटिमीटरवर कापले, तर मधले ४५ सेंटिमीटर लाकूड खुंटात राहिले. चौथाई घेराने ते ०.०६३ घनमीटर, म्हणजे सव्वादोन घनफूट भरते. याच झाडाचा सहा मीटर लांबीचा, मध्यावर १.२ मीटर घेराचा ओंडका निघाला असे धरले, तर त्याचे माप ०.५४ घनमीटर येते. मिळालेल्या मालाच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास लाकूड निव्वळ करवत वर लावल्याने गेले. शंभर झाडांच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, हाच आकडा सव्वासहा घनमीटरच्या वर जातो.

शिवाय हे लाकूड साधे नसते. खालच्या ओंडक्यात गाठी कमी असतात आणि पक्क्या रंगाच्या गाभ्याचे प्रमाण जास्त. सागाचा भाव घेराच्या प्रतवारीवर चढतो, त्यामुळे खालचा हातभर तुकडा वरच्या हातभर तुकड्यापेक्षा महाग. अर्थात बुंध्याचे सगळेच लाकूड फळीचे नसते. जुन्या सागाच्या तळाशी पन्हळीसारखे खाचखळगे पडतात, कधी पोकळी असते, कधी वणव्याने एक बाजू कोळपलेली असते. असा भाग खाली कापूनही आरा गिरणीत कचऱ्यातच जातो. वरचा हिशेब धडधाकट बुंध्याचा आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मग झाड उंच का कापतात? पहिले कारण कंबर. उभ्याने करवत किंवा कुऱ्हाड चालवायला गुडघ्याच्या वरची उंची सोयीची पडते. जमिनीलगत कापायचे तर ओणवे व्हावे लागते किंवा गुडघे टेकावे लागतात. मजुरी झाडावर किंवा घनमीटरवर ठरलेली असेल तर या जास्तीच्या कष्टाचा मोबदला कोणी देत नाही. दुसरे कारण बुंध्याभोवतीचे काटेकुटे, दगड आणि माती. साखळी करवतीची साखळी एकदा मातीला लागली की तिचे दात बोथट होतात, मग कानस घेऊन बसावे लागते. तिसरे कारण कुऱ्हाड. कुऱ्हाडीने झाड पाडताना दोन्ही बाजूंनी तिरप्या खाचा घ्याव्या लागतात. एक बाजू आडवी आणि दुसरी ४५ अंशांत घेतली, तर खाचेचे तोंड तिच्या खोलीएवढे उंच होते. म्हणजे अर्धा मीटर जाडीच्या झाडात प्रत्येक बाजूने पाऊण-एक वीत लाकडाच्या ढलप्या होऊन पडणार. वर ओंडक्याचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते होते, ते पुन्हा सपाट कापायचे. करवतीने यातले बहुतेक वाचते. तिच्या कापाची रुंदी सेंटिमीटरच्या आतच असते.

करवत वापरली की काम भागले असे मात्र नाही. झाड चुकीच्या रीतीने पाडले तर बुंधा उभा चिरतो आणि पहिल्या ओंडक्यातले दोन-चार फूट लाकूड फाटून जाते. म्हणून आधी बुंध्याभोवतीची झुडपे, माती, दगड साफ करायचे. ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी खोल खाच घ्यायची, शक्य तेवढी जमिनीलगत. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, करवत चालवायची आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी पट्टी न कापता ठेवायची. ही पट्टी बिजागरीचे काम करते. तिच्यामुळे झाड ठरल्या दिशेला सावकाश कलते. मागच्या कापात लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकली की करवत अडकत नाही. घाईत बिजागरीही कापून टाकली तर झाड कुठेही जाते, आणि खाच घेतलीच नाही तर बुंधा चिरतो. तोडीत माणसे दगावतात ती या दोन चुकांनीही.

वनखात्याच्या तोडीत खुंटाची उंची मजुराच्या मर्जीवर सोडलेली नसते. फुटव्यावर वाढवायच्या जंगलात झाड जमिनीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच कापू नये, कापलेला माथा गुळगुळीत आणि एका बाजूला उतरता असावा, साल लाकडापासून सुटू नये, असा रिवाज कार्य आयोजनांत जुन्या काळापासून चालत आला आहे. उतारावर ही उंची वरच्या अंगाने मोजतात. नियमामागे इमारती लाकूड वाचवण्याचा हेतू आहेच, पण मोठा हेतू पुढच्या पिढीच्या झाडाचा. खुंट उंच राहिला की फुटवे वरच्या सालीतून येतात, वाऱ्याने मोडतात, आणि खुंट कुजत जातो तशी कूज त्यांच्या गाभ्यात उतरते. खुंट खाली असेल तर फुटवा मातीच्या पातळीवरून निघतो, आपल्या मुळ्या धरतो आणि सरळ वाढतो. पहिली काही वर्षे तो रोपाला सहज मागे टाकतो, कारण त्याच्याखाली तयार मुळांचे जाळे असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका खुंटावरचे एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढले की जंगल पुन्हा उभे राहते. तोडीचा हंगामही त्यासाठीच हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात असा धरतात.

त्यामुळे सागाच्या जंगलात बुडखा उपटणे ही काटकसर ठरत नाही. तिथे बुडखा हे पुढच्या पिकाचे भांडवल आहे. परभणीला सर्वांत जवळचे मोठे सागवान जंगल नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर भागातले, आणि राज्यातला सागाचा मोठा व्यापार त्याच्याही पूर्वेला, चंद्रपूर आणि गडचिरोलीत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाची मोठी रोपवने तिकडेच आहेत. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये सागवान गेले तेही चंद्रपूर जिल्ह्यातून. रोपवनात साग सरसकट तोडून पुन्हा लावतात. लावतात ती बहुधा अंगठ्याएवढ्या जाडीची मुळासह छाटलेली कांडी असते, तिलाही ‘स्टंप’च म्हणतात. अशा ठिकाणी जुना खुंट ठेवायचा की काढायचा हा पुढच्या लागवडीचा प्रश्न होतो. नैसर्गिक जंगलात तो प्रश्नच उद्भवत नाही.

थुटाला आणखी एक काम असते, आणि ते कायद्याचे. तोडीसाठी निवडलेल्या झाडावर क्रमांक घालून हातोड्याचा छाप दोन ठिकाणी मारतात: एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी. वरचा छाप ओंडक्याबरोबर जातो, खालचा थुटावर राहतो. पुढे तपासणीला आलेला अधिकारी थूट पाहून ठरवतो की हे झाड यादीतले की चोरीचे. बिनछापाचे थूट सापडले की त्याचा घेर मोजून गेलेल्या लाकडाचा अंदाज बांधतात, पंचनामा होतो, वनरक्षकाला जाब द्यावा लागतो. चोरटी तोड लपवण्यासाठी थुटावर माती-पाला लोटणे, त्याला आग लावणे हे प्रकार होतात ते म्हणूनच. ‘थूट काढून टाका, लाकूड वाचेल’ असा सरसकट सल्ला जंगलात देता येत नाही. थूट गेले की पुरावा गेला.

परभणीत चित्र उलटे आहे. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी जिंतूरच्या टेकड्यांवर थोडे पानझडी, झुडपी जंगल आहे, दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवर थोडे. बाकी गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली काळी कापसाची जमीन. इथे झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, वस्तीजवळचा लिंब, चिंच, विहिरीजवळचा आंबा, गावठाणातला पिंपळ. तोड होते ती एकेका झाडाची. शेतकरी मुलीच्या लग्नाला, विहिरीच्या कामाला किंवा नुसते बांधावरची सावली पिकाला नडते म्हणून झाड विकतो. गुत्तेदार येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो, खोडावर थाप मारून पोकळ आहे का ते पाहतो आणि उक्ता भाव सांगतो. सौदा उभ्या झाडाचा होतो, बुडख्याचा उल्लेखही निघत नाही. दुपारपर्यंत ओंडके ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, फांद्या जळणाला, आणि बुडखा बांधात.

राज्यात खासगी जमिनीवरच्या तोडीला १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, खैर, चंदन, अंजन अशी सोळा झाडे आहेत. यांना हात लावायचा तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. बाभूळ या यादीत नाही. परभणीकडच्या शेतात सर्वांत जास्त तुटणारे झाड मात्र तेच.

आणि नेमक्या बाभळीच्या बाबतीत बुडखा ठेवण्याला फारसा अर्थ नाही. साग, सुबाभूळ, निलगिरी, लिंब ही झाडे तोडल्यावर जोमाने फुटतात. बाभूळ फुटण्यात कमजोर. तिचे मोठे झाड तोडले की बुडखा बहुधा मरतोच आणि मग वाळवीला, भुंग्याला खाद्य होतो. वस्तुतः तिचे बुडाचे लाकूड फार चिवट आहे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे यांना बाभूळच लागे, औतालाही तीच. वाकड्या आकाराच्या तुकड्यासाठी सुतार मुद्दाम खोड आणि मूळ जिथे मिळते तो बाक शोधत, कारण तिथे लाकडाचा रेषा वाकासोबतच वळलेला असतो. सरळ लाकडातून तसा आकार कोरला तर तो ताणाखाली रेषेवर तुटतो. कीड लागू नये म्हणून ओली बाभूळ पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत होती. ट्रॅक्टर आला, लोखंडी औजारे आली, सुतारमेट बंद पडले आणि बुडख्याचे जाणकार गिऱ्हाईक गेले. आज तो फक्त जळण आहे, आणि जळण म्हणूनही अवघड, कारण तो काढायचा कोणी?

हे काढणे प्रत्यक्षात कसे असते ते पाहण्याजोगे आहे. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, भर पावसात पाय रुतवते. खणायला बरी ती पहिल्या दोन पावसांनंतर किंवा पावसाळा सरल्यावर वाफसा असताना. बुडख्याभोवती दोन-अडीच हातांवर गोल चर घेतात. टिकाव-खोऱ्याने माती काढत आडव्या मुळ्या उघड्या करायच्या आणि बुडख्याशी न तोडता चराच्या बाहेरच्या कडेला तोडायच्या, म्हणजे जाड तुकडा सोबत येतो. मग सोटमुळाच्या बाजूने खाली जायचे. अनुभवी माणूस इथे कुऱ्हाड चालवण्याआधी मुळीवरची माती हाताने पुसतो. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि एका खड्यावर धार गेली की अर्धा तास धार लावण्यात जातो. सोटमूळ तुटले की पहारीने बुडखा हलवतात, दोर बांधून बैलांनी नाहीतर ट्रॅक्टरने ओढतात. वर आल्यावर फोडणे हा निराळा उद्योग. बुडख्यात रेषा सरळ नसतो, गुंतलेला असतो; कुऱ्हाड नुसती रुतून बसते. आधीच पडलेली भेग हेरून तिच्यात लोखंडी पाचर धरायची, घण घालायचा, भेग उघडली की पुढे दुसरी पाचर. कडेकडेने सालपटे काढत मध्याकडे यायचे. थेट मध्यावर घाव घालणारा नवखा समजावा.

जेसीबीने हेच काम अर्ध्या-पाऊण तासात होते. म्हणून आता बुडखे निघतात जास्त, पण वापरले जातात कमी. यंत्र बुडखा मातीच्या गड्ड्यासकट उपटून बांधाच्या कडेला लोटते. माती धुतली जात नाही, मुळ्या पसरलेल्या, ट्रॉलीत चार बुडखे टाकले की जागा संपली. वर्षभराने त्यांना काडी लावतात. रस्तेकामात हेच मोठ्या प्रमाणावर होते. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ पाथरी, मानवत, परभणी असा जिल्ह्यातून जातो; अशा रस्त्यांच्या रुंदीकरणात तुटणाऱ्या जुन्या लिंब-चिंचांचे बुडखे चांगले भरभक्कम असतात आणि भरावाखाली ते ठेवता येत नाहीत, कारण कुजल्यावर रस्ता खचतो. ते काढावेच लागतात. काढलेल्या बुडख्याचे पुढे काय करायचे, एवढेच ठरवायचे राहते.

यातला पहिला अडसर मातीचा. फिनलंडमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून स्प्रूसचे बुडखे ऊर्जेसाठी मोठ्या प्रमाणावर काढले गेले. तिथे खोदयंत्राला लावलेल्या चिमट्याने बुडखा उपटून जागेवरच दोन-चार भागांत फाडतात, झटकतात आणि ढीग करून पावसापाण्यात ठेवतात. माती धुऊन जाते, लाकूड वाळते, मग भुगा. सगळे बुडखे काढू नयेत, काही मुद्दाम सोडावेत, असेही तिथले संकेत सांगतात, कारण कुजते लाकूड बुरशी-किड्यांचे घर असते आणि उपटल्याने जमीन उकरली जाते. ही युक्ती परभणीच्या काळ्या मातीला उलट जास्त लागू आहे. उपटलेला बुडखा लगेच फाडून, मुळ्या वर करून एक पावसाळा ठेवला तर चिकट माती बरीचशी निघून जाते. न फाडता ठेवला तर वाळवी आतून पोखरते.

दुसरा अडसर लोखंडाचा. रस्त्याकडेच्या आणि गावातल्या झाडांच्या बुंध्यात खिळे, तारा, कुंपणाचे आकडे, जाहिरातीच्या पाट्यांचे स्क्रू वर्षानुवर्षे लाकडाने गिळलेले असतात. पट्टा आऱ्याचे पाते अशा खिळ्याला लागले की तुटते, आणि तुटलेले पाते माणसाच्या अंगावर येऊ शकते. गिरणीवाला बुडखा पाहताच नाही म्हणतो तो आळसाने नव्हे. धातू शोधणारे हातातले साधे यंत्र ही अडचण पुष्कळ कमी करते. पण चार रुपयांच्या जळणासाठी ते कोण आणणार, हा प्रश्न राहतोच.

म्हणून बुडख्याचा खरा उपयोग तिथे, जिथे लाकूड जाड आणि संथ जळणारे हवे. अखंड हरिनाम सप्ताहाच्या पंगतीला खणलेले चुलांगण, वीटभट्टी, स्मशान. फोडलेल्या बुडख्याचा तुकडा फांद्यांच्या जळणापेक्षा कितीतरी वेळ निखारा धरून राहतो आणि आचाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते. एका चितेला लागणारे जाड लाकूड बुडख्यातून आले तर तेवढे उभे झाड वाचते. नगरपालिकांनी तोडलेल्या झाडांचे बुडखे फोडून स्मशानभूमीत जमा करायला कसलेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. वीजकेंद्रांच्या कोळशात जैवइंधनाच्या गोळ्या मिसळण्याचे केंद्राचे धोरण २०२१ पासून अधिक सक्तीचे झाले आणि परळीचे औष्णिक केंद्र गंगाखेडपासून फार दूर नाही. पण त्या वाटेवर बुडख्यापेक्षा पऱ्हाटी आणि तुराट्या सरस ठरतात. त्या दरवर्षी निघतात, मातीविरहित असतात आणि भुगा करायला सोप्या. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि इंधनाच्या विटा करण्याचे तंत्र बसवले आहे. मातीने माखलेला बुडखा यंत्राचे दात खातो आणि राख वाढवतो.

बुडख्याला लाकडाहूनही जास्त किंमत येते अशीही झाडे आहेत. चंदन कधी कापत नाहीत, मुळासकट खणून काढतात, कारण तेलाचे प्रमाण मुळात सर्वाधिक असते. अक्रोडाचे बुंधे युरोप-अमेरिकेत खणून काढतात ते बंदुकीच्या दस्त्यांसाठी आणि पातळ शोभेच्या पापुद्र्यांसाठी. मूळ-खोडाच्या सांध्यावरची गुंतागुंतीची नक्षी दुसरीकडे मिळत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात पाइनची अफाट जंगले तोडल्यावर उरलेल्या खुंटांचे वरचे लाकूड कुजून गेले आणि राळेने भरलेला गाभा तेवढा राहिला. हर्क्युलिस पावडर कंपनीने १९२० च्या सुमारास हे खुंट उपटून, काही सुरुंगाने उडवून, त्यांतून राळ आणि टर्पेंटाइन काढण्याचा मोठा धंदा उभारला. एका पिढीचा कचरा दुसऱ्या पिढीने अशा भावाने विकावा, ही त्या व्यापाराची गंमत.

परभणीत बुडखा काढणे ही निकड आहे ती वेड्या बाभळीच्या बाबतीत. नदीकाठ, गायरान, पडीक शेत, कालव्याच्या कडा हिने व्यापल्या आहेत. जमिनीलगत तोडली की ती दुपटीने फुटते, कारण तिचे डोळे मातीखाली वीतभर खोलपर्यंत असतात. तिचा गड्डा त्या खोलीच्या खालून कापून काढला तरच ती मरते. इथे वर सांगितलेला १५ सेंटिमीटरचा नियम लावला तर तोडणारा तिची मशागतच करतो. तिचे गड्डे जळणाला आणि कोळशाला उत्तम. मातीच्या पारंपरिक भट्टीत मात्र वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या दहा ते वीस टक्केच कोळसा हाती येतो. जाड गड्डे नीट न फोडता रचले तर आत अर्धवट जळलेले बोडके निघतात आणि उतारा आणखी घसरतो.

उंच खुंट मुद्दाम ठेवायचीही पिके आहेत. चाऱ्यासाठी सुबाभूळ पाऊण-एक मीटरवर कापतात, म्हणजे कोवळा पाला हाताशी राहतो. बांबूचे उलट: जमिनीजवळच्या पेराच्या लगेच वर कापावा. उंच थोटके ठेवली तर बेटात पुढच्या वर्षीची तोड अडते आणि उघड्या पेरात पाणी साचते. कोणत्या झाडाला कुठे हत्यार लावायचे हे जातीगणिक बदलते, ते एका परिपत्रकात मावत नाही.

बांधावरचा बुडखा काढण्यात एक जमिनीची आणि एक माणसांची अडचण आहे. जुन्या मुळ्यांनी बांध धरलेला असतो. बुडखा उपटला की तिथे खिंडार पडते आणि पहिल्या जोरदार पावसात माती वाहते. बांध सामाईक असेल तर झाड कोणाचे इथपासून वाद, आणि उपटताना बांध हातभर सरकला तर तो मोजणीपर्यंत जातो. अशा ठिकाणी बुडखा तसाच ठेवून खुंट तेवढा जमिनीबरोबर कापून घेणे शहाणपणाचे. जिंतूरच्या उतारावरही तेच. तिथे मेलेला बुडखासुद्धा माती अडवतो. शेताच्या मधोमध, घराच्या जागेत, रस्त्याच्या भरावात मात्र तो मुळासकट काढावा आणि फोडून वापरावा.

सुधारणा कुठून सुरू करायची, तर सौद्यापासून. उक्त्या व्यवहारात गुत्तेदाराने भाव अंदाजाने बांधलेला असतो. खुंट वीतभर ठेवला काय की हातभर, त्याचे फारसे बिघडत नाही आणि शेतकऱ्याला कळत नाही. ‘जमिनीपासून वीतभरापेक्षा वर कापायचे नाही’ एवढी अट बोलण्यात घातली तरी पहिल्या ओंडक्यात भर पडते, आणि ती दोघांनाही दिसते. बुडखा काढून देणार की नाही, काढला तर लाकूड कोणाचे आणि खड्डा कोण बुजवणार, हे तिथेच ठरावे. नगरपालिका आणि रस्त्याच्या निविदांत झाडांची संख्या आणि घेर लिहिलेला असतो. त्यात खुंटाची कमाल उंची आणि बुडख्यांची विल्हेवाट या दोन ओळी वाढवता येतील. आणि मजुरी. खाली वाकून कापणाऱ्याला, बुंधा साफ करणाऱ्याला त्या वेळेचे पैसे मिळाले नाहीत तर कागदावरची उंची कागदावरच राहील. बहुतेक नियम इथेच फसतात असे म्हणायला हरकत नाही.

खड्ड्याचे काम शेवटचे. बुडखा निघाल्यावर उरलेल्या बारीक मुळ्या दोन-तीन वर्षे कुजत राहतात आणि त्यावर वाळवी येते, म्हणून लगेच त्याच खड्ड्यात कलम लावू नये. खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्यावा, वरची सुपीक माती आधी तळाशी टाकावी, शेणखत मिसळावे आणि माती बसण्यासाठी तोंड जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावे. काळी माती एका पावसाळ्यात तेवढी सहज दबते. नवे झाड जुन्या जागेपासून चार-पाच हात सरकवून लावावे.